आधी नोटीस, मग शाल

आमच्या महापालिकेतल्या जवळजवळ प्रत्येक निवृत्त माणसाला मी एकदा तरी "कर्तव्यदक्ष" म्हटलं आहे. त्यांतले निम्मे तसे होतेही.

माझ्या टेबलावरची पाटी "अधीक्षक, सामान्य प्रशासन" अशी आहे. पण इमारतीत कुणालाही विचारा, "घोडके कुठे बसतात?" समोरचा विचारील, "कोण, मानपत्रवाले?" तरुणपणी मी हौशी नाटकांत कामं करायचो. आवाज होता, पाठांतर होतं आणि लाज नव्हती. नोकरीला लागल्याच्या पहिल्याच वर्षी एका साहेबांच्या निरोप समारंभाला निवेदक आला नाही, म्हणून माझ्या हातात माईक दिला गेला. तो मी पुढे सत्तावीस वर्षं खाली ठेवला नाही. यंदा तो काढून घेतला गेला. तो कसा, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण माझी सवय अशी, की पडदा वर गेल्यावर आधी नेपथ्य दाखवल्याशिवाय मला राहवत नाही.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. सरकारी माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यातही एकतीस मेला आमच्याकडे जत्रा असते. आमच्या भागातली निम्मी नोकरदार माणसं कागदोपत्री एक जूनला जन्मली आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटली. त्यामुळे एकतीस मेला, सोलापूरच्या त्या उन्हात, पंधरा-वीस जण एकदम कर्तव्यदक्ष होतात. विशेषणांना पायऱ्या असतात. शिपाई "प्रामाणिक", लिपिक "कार्यतत्पर", अभियंता "कर्तव्यदक्ष", आणि त्याच्या वरचे सगळे "द्रष्टे". वस्त्रांनाही पायऱ्या असतात. अधिकाऱ्याला शाल आणि श्रीफळ, चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्याला टॉवेल-टोपी आणि श्रीफळ. नारळ तेवढा सगळ्यांना सारखा.

माझ्या संगणकात मानपत्रांचे सात साचे आहेत. नाव बदलायचं, खातं बदलायचं, छापायचं. एकदा गडबडीत उद्यान अधीक्षकांचा मजकूर हिवताप विभागाच्या निरीक्षकांच्या नावावर छापला गेला. मी वाचत सुटलो, "आपण या शहराला हिरवी सावली दिलीत, आपल्या हातून हजारो रोपं वाढली..." सभागृहात खसखस पिकली. निरीक्षक मात्र उठून उभे राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, "आयुष्यभर डास मारले हो. कुणीतरी काहीतरी वाढवलं म्हणालं, बरं वाटलं." दुरुस्ती करायचं धाडस मला झालं नाही. ते मानपत्र अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

दुसरे एक अग्निशमन दलाचे अधिकारी. गळ्यात झेंडूचा हार पडला आणि त्याच क्षणी अक्कलकोट रोड एमआयडीसीतून फोन आला, टॉवेलच्या गोदामाला आग. ते हारासकट धावले. आम्ही सभागृहात तसेच बसून राहिलो, कारण उत्सवमूर्तीशिवाय जेवण सुरू करता येईना. तीन तासांनी ते परत आले. चेहरा काळा, हाराची एक बाजू करपलेली. खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "हं, कुठपर्यंत आला होता तुम्ही?" मी म्हणालो, "शांत आणि संयमी, इथपर्यंत."

आता हे सांगताना मजा येते. पण याच संगणकावर, याच अक्षरात मी आणखी एक गोष्ट लिहितो, ती मी समारंभात सांगत नाही. कारणे दाखवा नोटीस. "आपण असे का वागलात याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा." भाषा बरी आहे म्हणून तेही काम माझ्याकडेच आलं. म्हणजे पाठ थोपटायची तरी घोडके आणि कान पकडायचा तरी घोडके.

यंदा एप्रिलच्या शेवटी एक पत्र आलं. नगर प्रशासनातल्या अधिकाऱ्यांची एक राज्यव्यापी संघटना आहे. ती दरवर्षी शहर चालवणाऱ्या माणसांचा गौरव करते. यंदाचा कार्यक्रम सोलापुरात, मेच्या मध्यावर. दोन सदरं होती. "प्रदीर्घ व उत्कृष्ट सेवा" आणि "धाडस". आयुक्तांनी खातेप्रमुखांना बोलावलं. आयुक्त वयाने तरुण, बोलायला मोकळे. म्हणाले, "उत्कृष्ट सेवेला नावं भरपूर आहेत. धाडसाला आपल्याकडून कोण?"

केबिनमध्ये एसीचा आवाज ऐकू येऊ लागला.

बाहेर आल्यावर मला कळलं, की त्यात नवल काही नाही. कचेरीत धाडस म्हणजे काय? परवानगी यायच्या आत केलेलं काम. ते केलं म्हणून कोण कबूल करणार? दोन दिवसांत माझ्याकडे चार नावं आली. एकाने स्वतःचीच शिफारस केली होती, "भर उन्हाळ्यात एकही रजा न घेता कार्यालयात उपस्थित." मी कपाळाला हात लावून बसलो. तेवढ्यात आमचे शिपाई रज्जाकभाई चहा घेऊन आले. त्यांची नोकरी माझ्याहून जुनी. कप ठेवत म्हणाले, "हिम्मत का आदमी होना ना साब? तो इनामां के फायलां में कायकू ढूंडते? नोटिसां के फायलां देखो ना."

मी चहा तसाच ठेवला. ताबडतोब कपाट उघडलं.

तीन दिवस मी माझंच लिखाण वाचत होतो. बऱ्याच नोटिसा उशिरा येण्याच्या आणि न सांगता जाण्याच्या होत्या. एक अतिक्रमण निरीक्षकाची होती, त्याने सख्ख्या सासऱ्याच्या दुकानाचा कट्टा पाडला होता. तो मला धाडसात बसत होता, पण सासऱ्यानेच तक्रार केलेली, आणि बायकोने नाव द्यायला मनाई केली. मग एक पातळ फाईल हाताला लागली. पाणीपुरवठा विभाग, उपअभियंता शैलजा येमूल. नोटीस माझीच: "आपण वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीशिवाय संपूर्ण वसाहतीचा पाणीपुरवठा बंद केल्याने नागरिकांची तीव्र गैरसोय झाली." खाली येमूल मॅडमचा खुलासा, फक्त एक ओळ: "वॉल्व्ह माझ्या तोंडी आदेशाने बंद करण्यात आला." त्याखाली शेरा: समज देऊन प्रकरण निकाली.

मला ते दिवस आठवले. सहा-सात वर्षं झाली असतील. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी एकेका भागाची पाळी येते. रस्त्यातल्या खड्ड्यात लोखंडी झाकणाखाली वॉल्व्ह असतो. चावीवाला लांब दांड्याच्या चावीने तो फिरवतो आणि दोन-अडीच तास त्या भागात पाणी जातं. पूर्व भागातल्या एका वसाहतीची पाळी होती, दुसऱ्या दिवशी सण होता, आणि पाणी सुरू झाल्या झाल्या बंद केलं गेलं. कारण सांगितलं गेलं, पाण्याला वास येतोय. लोक खवळले. तीन दिवस खोदाई चालली. तिसऱ्या दिवशी सापडलं, केबल टाकणाऱ्या एका कंत्राटदाराच्या माणसांनी ड्रेनेजचा चेंबर फोडला होता आणि ती घाण जलवाहिनीच्या एका सांध्यातून आत झिरपत होती. पण तोवर नोटीस निघून गेली होती. शिवाय एकही माणूस आजारी पडला नव्हता. न आलेल्या साथीचा पुरावा कुठून आणायचा? साथ आली असती तर मॅडम शूर ठरल्या असत्या. साथ थांबवली, म्हणून त्यांना समज मिळाली.

नाव ठरलं. आयुक्त खूश. येमूल मॅडम याच एकतीस मेला निवृत्त होणार होत्या, त्यामुळे योगही जुळला. मजकुरात जरा रंग भरावा म्हणून मी त्या भागातल्या पाण्याच्या टाकीवर गेलो. त्या दिवशीचा चावीवाला मल्लप्पा अजून तिथेच होता. अक्कलकोटकडचा, घरात कानडी, दाराबाहेर मराठी. टाकीच्या सावलीत डबा खात होता.

"मल्लप्पा, मॅडमचा फोन आला तेव्हा नक्की काय म्हणाल्या? जसंच्या तसं सांग. मला भाषणात घ्यायचंय."

"कुटला फोन?"

"वॉल्व्ह बंद कर म्हणाल्या तो."

त्याने हातातली भाकरी डब्यात ठेवली. "साहेब, फोन लागलाच न्हाय की. मी तीन डाव लावला. मग मीच फिरवली चावी."

मी दगडावर बसलो. माझ्या पायांना खाज सुटली होती. चांगली गोष्ट सापडली, की मला असंच होतं.

चावीवाल्यांचा एक रिवाज असतो. पाणी सोडलं, की कोपऱ्यावरच्या पहिल्या नळाला जाऊन ओंजळभर पाणी आपण प्यायचं, मग पुढच्या कामाला लागायचं. कुठल्या परिपत्रकात हे नाही. मल्लप्पा त्या दिवशी पिठाच्या गिरणीच्या नळाला गेला.

"वास हुता साहेब. लई न्हाय, बारीकच. पर हुता. बाया भांडी लावून बसल्या हुत्या. पाच दिसानं पाणी आल्यालं. एकेक मिनिटाला किती घरांत जातंय पाणी! इचार कराया येळ कुटं हाय? फिरवली उलटी."

"आणि लोक?"

"आलं की. मी झाकणावर बसलो. उटलोच न्हाय. एका बाईनं तर घागर माज्या डोक्यावर उपडी केली."

"मग भिजलास?"

"रिकामी हुती की साहेब! पाणी कुटनं येतंय?" तो खदखदा हसला, मग डब्याचं झाकण लावलं. "म्याडम अर्ध्या तासानं गाडीवरनं आल्या. गर्दी हुती, पुढारी हुतं. एकजण म्हनला, कुणी सांगितलं रे तुला बंद कराया? मी तोंड उगडायच्या आत म्याडम म्हनल्या, मी सांगितलं. साहेब, मी तवा रोजंदारीवर हुतो. माजं नाव आलं असतं तर त्याच दिशी घरला. तुमी हे लिवू नका."

मी मॅडमकडे गेलो. त्या नकाशावर वाकून बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"घोडके, माझं नाव मागे घ्या."

"मॅडम, शहराला कळायला नको?"

"काय कळायचंय? मी सरकारी कागदावर खोटं लिहिलं, हे?"

"तुम्ही त्याला वाचवलंत."

"खोटंच लिहिलं ना? त्याने न विचारता बंद केला, मी माझ्या आदेशाने केला असं लिहिलं. आता हे उघडलं, तर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी. आणि एकदा चौकशीचा कागद निघाला, की माणूस घरी बसतो पण फाईल बसत नाही."

हे खरं होतं. निवृत्तीनंतर इतक्या जुन्या गोष्टी कुणी उकरत नाही. पण निवृत्तीच्या आत एक कागद निघाला, तर पुढची कित्येक वर्षं माणूस खेटे घालतो. मी अशी माणसं पाहिली आहेत. पिशवीत कागद घेऊन माझ्याच टेबलासमोर उभी असतात.

शेवटी मी त्यांना कसंबसं तयार केलं. त्यांनी दोन अटी घातल्या. मल्लप्पाला मंचावर सोबत बोलवायचं आणि टॉवेल-टोपी नाही, शाल द्यायची. आणि मजकूर खुलाशात आहे तेवढाच. "शब्द द्या घोडके. तुमचं तोंड मला माहीत आहे."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. नाटकात देतात तसाच दिला, हीच चूक झाली असावी.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पंखे गरगरत होते. उत्कृष्ट सेवेचे गौरव एकामागून एक झाले. पहिल्या रांगेतले पाहुणे मोबाईल बघत होते. मग येमूल मॅडम. मी साच्यातलंच वाचलं, "प्रसंगावधान राखून आपण आदेश दिलात..." टाळ्या पडल्या, पण जेवणाआधी पडतात तशा. मल्लप्पाच्या खांद्यावर शाल घातली गेली. त्याला ती कशी सांभाळायची कळेना. एक टोक जमिनीला लागलं, ते तो गोळा करत होता. तेवढ्यात छायाचित्रकार त्याला शाली आणून देणारा शिपाई समजून ओरडला, "अहो शालवाले, बाजूला व्हा की! मॅडमचा फोटो येत नाही."

मल्लप्पा लगेच बाजूला झाला. सवयीने झाला.

मला राग आला, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं सांगायचं तर राग निम्मा होता. उरलेली निम्मी टाळ्यांची भूक. सभागृह माझ्या हातून निसटत होतं, आणि माझ्या खिशात अशी गोष्ट होती, की सांगितली असती तर पंख्यांनी फिरायचं थांबावं. मी कागद घडी करून खिशात घातला.

"थांबा छायाचित्रकार! ज्यांना तुम्ही बाजूला केलंत, त्यांच्याशिवाय हा फोटोच नाही!"

आणि मी सुटलो. ओंजळभर पाणी, पिठाची गिरणी, न लागलेला फोन, झाकणावर बसलेला माणूस, रिकामी घागर. घागरीला हशा पिकला. मग मी आवाज खाली आणला. "आणि मग या बाई आल्या. म्हणाल्या, मी सांगितलं." सभागृह उठून उभं राहिलं. प्रमुख पाहुण्यांनी मल्लप्पाला मिठी मारली. मल्लप्पा लहान मुलासारखा रडत होता. सत्तावीस वर्षांत मला अशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या. मी मोठ्या दिमाखात येमूल मॅडमकडे पाहिलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या, गळणाऱ्या सांध्याकडे पाहावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर पाकीट होतं. आमचे उपायुक्त वाईट माणूस नव्हेत, नियमाचा माणूस आहेत. "आपण मंचावरून केलेल्या निवेदनानुसार श्रीमती येमूल यांनी यापूर्वी सादर केलेला खुलासा वस्तुस्थितीस धरून नसल्याचे दिसते. आपल्या निवेदनास आधार काय, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा." आयुष्यात पहिल्यांदा मला नोटीस आली होती. खरं सांगतो, मनात आलेला पहिला विचार असा, की वाक्यरचना ढिली आहे. दुसरा विचार येमूल मॅडमचा आला. एकतीस मेला सोळा दिवस होते.

मी बसू शकेना. जिन्याने वर जायचो, खाली यायचो. जन्म-मृत्यू विभागात जाऊन यायचो, तिथे मला काही काम नसताना. चहावाल्याने पाचव्या कपाला विचारलं, "पाहुणे आलेत का साहेब?" येमूल मॅडमना फोन केला, त्यांनी उचलला नाही. त्यांच्या खोलीत गेलो, तर त्यांनी नकाशावरून मान वर केली नाही. मी दारात उभा, त्या पेन्सिलने रेघ ओढतायत. रेघ संपली, दुसरी सुरू केली. मी निघून आलो.

रज्जाकभाई म्हणाले, "ज़बान तुमारी चली, फंसे दूसरे."

"आता काय करू?"

"मेरे कू क्या पूछते साब? तुमीच तो दुनिया कू जवाब पूछते."

दुपारी मल्लप्पा आला, चप्पल दाराबाहेर काढून. "साहेब, म्याडम काय म्हनल्या?"

"बोलतच नाहीत."

"मग लई रागावल्यात. शिव्या देत्यात तवा बरं असतंय." थोडा वेळ उभा राहिला. "कालपास्नं गल्लीत लोक मला चा पाजायलेत. त्यो गिरणीवाला म्हनतो, त्या नळावर पाटी लावतो. साहेब, हे सगळं गुंडाळाया लागंल व्हय?"

एका माणसाला आयुष्यात एकदा मोठी टाळी मिळाली होती, तीही खऱ्या गोष्टीसाठी, आणि आता मी ती त्याच्याकडून परत मागणार होतो.

तीन दिवसांत मी अकरा खुलासे लिहिले आणि फाडले. "मला नीट आठवत नाही" असं लिहावं, तर भाषणाचा व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरत होता. "ऐकीव माहिती" लिहावं, तर कुणाकडून ऐकली, हा पुढचा प्रश्न. बोललो हे नाकारता येत नव्हतं. खरं आहे म्हटलं, तर मॅडम गेल्या. म्हणजे एकच वाट उरली होती, आणि ती माझ्यासारख्या माणसाला फार कडू होती. मी गोष्टी सांगतो, थोडं तिखट-मीठ लावतो, सगळं मान्य. पण अख्ख्या आयुष्यात एकच गोष्ट मी मीठसुद्धा न लावता सांगितली होती, आणि नेमकी तीच खोटी म्हणून सही करायची होती.

तिसऱ्या दिवशी चार वाजता मी लिहिलं: "सदर प्रसंग कार्यक्रमास रंगत यावी म्हणून मी कल्पनेने रचला. त्यास कोणताही आधार नाही. याबाबत मी दिलगीर आहे." छापलं, सही केली आणि उपायुक्तांच्या हातात दिलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "रचला?"

"होय सर."

"ती घागरसुद्धा?"

"घागर तर हमखास रचलेली सर. तिच्याशिवाय हशा येत नाही."

"घोडके, याची नोंद तुमच्या सेवापुस्तकात होईल. आणि यापुढे माईक तुमच्याकडे राहणार नाही."

"होय सर."

"मल्लप्पाला आत पाठवा."

मी बाहेर बाकावर बसलो. दार पुरतं लागलेलं नव्हतं. उपायुक्तांनी विचारलं, "तुला वॉल्व्ह बंद करायला कुणी सांगितलं होतं?" मी बाकाची कड धरून बसलो होतो. त्याने खरं सांगितलं असतं, तर मला त्याला दोष देता आला नसता. पाटी लागणार होती, गल्ली चहा पाजत होती.

"म्याडमनी सांगितलं," मल्लप्पा म्हणाला. "घोडकेसाहेब नाटकातलं मानूस हाय. त्येंचं काय मनावर घेताय!"

बाहेर आल्यावर तो माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला.

पुढचे तेरा दिवस कुठला कागद निघाला नाही. पण मी रोज आवक-जावक टेबलाला दहा चकरा मारत होतो. पाकीट दिसलं, की नाव वाचत होतो. आणि येमूल मॅडम माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

एकतीस मेला जत्रा भरली. माईक एका नव्या लिपिकाकडे होता. त्याने साच्यातली मानपत्रं एका सुरात वाचून काढली. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. मॅडमचं वाचून झालं, शाल झाली, पाच वाजून पंचेचाळीस झाले, कचेरी सुटली. मी घड्याळाकडे पाहिलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली.

निवृत्त माणसाला हारासकट घरी पोचवायची आमच्याकडे पद्धत आहे. जीपमध्ये एक जागा उरली होती. मी मागे सरकत होतो, तर मल्लप्पाने माझा हात धरून आत ओढलं. पूर्व भागातल्या एका अरुंद गल्लीत मॅडमचं घर. त्यांच्या आईने दारात औक्षण केलं. ऐंशीच्या घरातली बाई, आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, बोटं अजून वळल्यासारखीच वाकलेली. चहापाणी झालं. मंडळी एकेक करून गेली. मल्लप्पा आणि मी राहिलो, कारण आम्हाला उठावं की बसावं ते कळत नव्हतं.

एक खुलासा इथेच करतो. हे छापायला मॅडमची परवानगी मी नंतर घेतली आहे आणि सगळी नावं बदलली आहेत. तरीही कुणाला चौकशी करावीशी वाटली, तर सेवापुस्तक पाहावं. सही-शिक्क्यानिशी नोंद आहे, की हे सगळं मी रचलेलं आहे.

तर, त्यांच्या आईने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच ना ते बोलणारे साहेब? गल्लीत मोबाईलवर दाखवलं मला. मग म्हणतात, ते सगळं खोटं होतं. ही तर घरी काही सांगत नाही. काय झालं होतं त्या दिवशी?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या चहाची किटली हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

मी सांगितलं. हातवारे न करता, आवाज न चढवता. पाणी, वास, झाकण. घागरीशी आल्यावर मल्लप्पाच म्हणाला, "हुती बरं का आज्जी, खरंच हुती." मग मी खुलासे सांगितले, आधी मॅडमचा आणि मग माझा.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ही सरकारला खोटं बोलली."

"हो."

"लिहून?"

"लिहून."

"आणि हा बोलला."

मल्लप्पा खाली बघत म्हणाला, "व्हय."

"आणि तुम्ही पण."

"हो आजी. मी पण लिहून."

तिने आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग लेकीकडे वळून म्हणाली, "शैला, यांचा कप रिकामा आहे. दिसत नाही का तुला?"

मॅडम पुढे आल्या आणि माझ्या कपात चहा ओतला. कप भरला तरी किटली तशीच धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "घोडके, आवाज बसलाय तुमचा. गरम आहे तोवर घ्या."